शंभर दाण्यांचा हिशेब

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती. झाली २१ मार्च २०२१ ला. मधल्या काळात तारीख कशी सरकत गेली ते मला आजही तोंडपाठ आहे : ५ एप्रिलची २६ एप्रिल झाली, मग १३ सप्टेंबर, त्याच दिवशी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आली म्हणून २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग १४ मार्च आणि शेवटी २१ मार्च. जवळजवळ एक वर्ष. ‘या काळात तू टिकलीस कशी?’ असं आता तयारी करणारी पोरं विचारतात, आणि दरवेळी माझं उत्तर एका गोणपाटापासून सुरू होतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातली. घरची साडेचार एकर जमीन, तीही कोरडवाहू. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. बी.ए. झाल्यावर जून २०१८ मध्ये पुण्याला आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चौघी. नव्या पेठेत अभ्यासिका, दोन वेळची मेस. सगळं मिळून महिन्याला आठ हजारांच्या आसपास जायचे. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा मोंढ्यावर माल घातला की चार महिन्यांचे पैसे एकदम पाठवायचे आणि मी त्याचे दिवस पाडून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे.

पहिली पूर्वपरीक्षा फेब्रुवारी २०१९ ला दिली. पाच गुणांनी गेली. पाच गुण म्हणजे सी-सॅटचे, पूर्वपरीक्षेतल्या उतारे आणि बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरचे, फक्त दोन प्रश्न. सगळे म्हणाले, पाचच तर कमी पडले, पुढच्या वेळी निघेल. मलाही तसंच वाटलं. निघेल, निघणारच. का निघेल, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही.

त्या दिवसांत यशस्वी उमेदवारांच्या सत्काराचे कार्यक्रम असले की आम्ही चौघी आवर्जून जायचो. सोळा-सोळा तास अभ्यास, फोन बंद, तीन वर्षं दिवाळीला घरी नाही, असं सगळं ऐकायचो आणि परतताना चालत चालत नवीन वेळापत्रक ठरवायचो. ते चार दिवस टिकायचं. पाचव्या दिवशी मोडलं की वाटायचं, आपल्यात ती जिद्दच नाही. मी कॉटसमोरच्या भिंतीवर माझं नाव आणि त्यापुढे ‘उपजिल्हाधिकारी’ असं लिहिलेला कागद लावला होता. सुरुवातीला तो बघून हुरूप यायचा. वर्षभराने त्याच्याकडे बघवेना, आणि काढवेना सुद्धा, कारण काढला तर आपण हार मानली असं खोलीतल्या मुली म्हणतील. आज मला ठामपणे वाटतं की त्या कागदाने माझं नुकसान केलं. ज्याच्या खाली काही आधार नाही अशा विश्वासाला मी रोज पाणी घालत होते.

मार्च २०२० मध्ये एक बॅग घेऊन गावी आले. आठ-दहा दिवसांत परत जाऊ असा अंदाज होता. पुस्तकं अभ्यासिकेतल्या कप्प्यात राहिली. मग एसटी बंद झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि माझ्याजवळ राज्यघटनेच्या स्वतःच्या नोट्स, भूगोलाचं एक पुस्तक आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या २०१३ पासूनच्या प्रश्नपत्रिका, एवढंच उरलं. घरात पाहुणे, गलका, टीव्ही. म्हणून मी सकाळी भाकरी बांधून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जायची. तिथे लिंबाखाली बसलं की फोनला थोडी रेंज यायची.

जूनमध्ये पाऊस वेळेवर झाला. दादांनी पेरलं. आठ दिवस झाले तरी रान काळंच. कुठे एखादं रोप, बाकी मोकळ्या ओळी. शेजारच्या रानात तेच, पलीकडच्या गावात तेच. त्या वर्षी मराठवाड्यात कितीतरी शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नाही. पंचनामे झाले, तक्रारी झाल्या. पण पंचनामा होईपर्यंत ओल थांबत नसते. दुबार पेरणी करावी लागली.

या वेळी दादांनी गावातल्याच एकाकडून घरचं राखलेलं बी आणलं. पेरायच्या आधी त्यातले शंभर दाणे निवडले, न निवडता म्हणावेत असे, मूठ घालून जसे येतील तसे. गोणपाट भिजवून पसरलं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीला ठेवली. रोज त्यावर पाणी शिंपडायचे. पाचव्या दिवशी मला हाक मारली.

“इकडं ये गं. काय करायलीस? हे मोज बरं.”

मी मोजले. अठ्ठ्याहत्तर दाण्यांना चांगले मोड होते.

“सत्तरच्या वर हाय ना? मग पेरायला हरकत नाही.”

मी म्हणाले, “दादा, पहिलं बी टाकलं तेव्हाही तुमचा विश्वास होताच की.”

ते गोणपाट झटकत म्हणाले, “तवा पिशवीवरल्या अक्षरावर होता. आता दाण्यावर हाय.”

एवढंच बोलून ते उठून गेले. मी तिथेच बसून राहिले. भिंतीवरचा माझा कागद आठवला. तोही पिशवीवरचं अक्षरच होता.

दुसऱ्या दिवशी जिंतूरहून चुलतभावाकरवी दोनशे पानी रजिस्टर मागवलं. २०१३ चा सामान्य अध्ययनाचा पेपर घड्याळ लावून सोडवला. शंभर प्रश्न, दोन तास. ५४ बरोबर, ३१ चूक, १५ सोडलेले. आजवर मी इथेच थांबायचे, गुण काढायचे आणि दिवसभर खूश किंवा उदास व्हायचे. या वेळी एकतीसच्या एकतीस चुका लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे चारपैकी एक कारण लिहायचं ठरवलं : माहीतच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आणि चौथं, उगाच भिडले. म्हणजे काही अंदाज नसताना ठोकून दिलेलं उत्तर.

माहीत नव्हतं ९. आठवलं नाही ८. नीट वाचलं नाही ६. उगाच भिडले ८.

मी ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. एकतीसपैकी चौदा चुका अभ्यासाच्या नव्हत्याच. दीड वर्ष मी ‘अभ्यास कमी पडतोय’ असं म्हणत तास वाढवत होते, आणि चौदा चुका अशा होत्या ज्या तास वाढवून गेल्या नसत्या. नकारात्मक गुणांच्या परीक्षेत उगाच भिडलेल्या प्रश्नाने नुसता तो प्रश्न जात नाही, आधी कमावलेलंही जातं.

त्या पानावरची एक चूक तर मला फार लागली. पूर्णा नदीचा प्रश्न होता. माझं गाव येलदरी धरणापासून जवळ, धरण पूर्णेवरच आहे, त्यामुळे ‘पूर्णा’ शब्द दिसताच मी गोदावरी खोऱ्याचा पर्याय निवडून मोकळी झाले. प्रश्न होता तापीला मिळणाऱ्या पूर्णेचा, विदर्भातल्या. दोन्ही पूर्णा मला माहीत होत्या. फक्त माझ्या पूर्णेच्या प्रेमापोटी मी प्रश्नाची दुसरी ओळ वाचली नव्हती. त्यापुढे लिहिलं, ‘नीट वाचला नाही’, आणि खाली एक रेघ ओढली. त्यानंतर प्रत्येक प्रश्नातल्या ‘योग्य’, ‘अयोग्य’, ‘फक्त’, ‘नाही’ या शब्दांवर पेन्सिलीने गोल करायची सवय लावून घेतली. ती सवय परीक्षेच्या शेवटच्या पेपरापर्यंत राहिली.

रजिस्टर रोज भरू लागले. तीस प्रश्नांचा का होईना, रोजचा हिशेब. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. परीक्षेची तारीख पुढे गेली की अभ्यासिकेतल्या ग्रुपवर दिवसभर मेसेज पडायचे, मी पण पूर्वी त्यात वाहून जायची. आता संध्याकाळी पान कोरं दिसलं की चैन पडत नसे. परीक्षा कधी होईल ते माझ्या हातात नव्हतं. ‘उगाच भिडले’ या रकान्यातला आकडा मात्र माझ्या हातात होता, आणि तो सप्टेंबरपर्यंत शंभराला आठवरून पाचवर आला होता.

हे लिहिताना सगळं सोपं गेल्यासारखं वाटेल. तसं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ११ तारखेची परीक्षा दोन दिवस आधी पुढे गेली. त्यानंतर चार-पाच दिवसांत धो धो पाऊस झाला आणि काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. शेंगांना मोड आले. त्याच आठवड्यात आत्या एक स्थळ घेऊन आल्या. मुलगा चांगला होता, नोकरीला होता. आत्यांचंही काही चुकत नव्हतं, त्यांना माझी काळजी होती. रात्री आई म्हणाली, “पैसा नाही म्हणून पोरीला बसवली, असं मला कोणी म्हणायला नको. तुला थांबायचं असंल तर तुझ्या तोंडानं सांग, आम्ही सांगणार नाही.” मी बराच वेळ काही बोलले नाही. मग रजिस्टर आणून तिच्यापुढे उघडलं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिने आकडे वाचले, पानं उलटली आणि विचारलं, “हे आठाचं पाच झालं ते चांगलं का वाईट?” मी म्हणाले, चांगलं. “मग बघ अजून एक वर्ष,” ती म्हणाली. आत्यांना काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याला परत आले. ११ मार्चला, परीक्षेला तीन दिवस उरले असताना, १४ तारखेची परीक्षा पुढे गेल्याचं कळलं. प्रवेशपत्राच्या प्रती काढून झाल्या होत्या. अभ्यासिकेतून सगळे उठून बाहेर पडले, मी पण. शास्त्री रस्त्यावर पोरापोरींनी ठिय्या मांडला. तिथे माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा नुसता रडत होता. त्याचं वय त्या वर्षी संपत होतं. मला त्याला काय बोलावं सुचेना. माझं रजिस्टर, माझे रकाने त्याच्या काही कामाचे नव्हते. विश्वास टिकवायला निदान पुढची संधी तरी हातात असावी लागते, हे मी त्या रस्त्यावर बसून समजले, आणि ते मी कधी विसरत नाही. वय उलटलेल्यांना पुढे वाढीव संधी दिली गेली. तो त्यात बसला का, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख जाहीर झाली. परीक्षा झाली. २०० जागा, अडीच लाखांच्या वर उमेदवार. मी पूर्व पास झाले.

त्या जुलैमध्ये पुण्यात तयारी करणाऱ्या एका तरुणाने आयुष्य संपवल्याची बातमी आली. आमच्या खोलीत दोन दिवस कोणी पुस्तक उघडलं नाही. बातमीपेक्षाही भीती या गोष्टीची वाटली की त्या बातमीचं आमच्यापैकी कोणालाच नवल वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघींनी एक नियम केला : निकाल कोणीही एकटीने बघायचा नाही. यादी लागली की चौघी एकत्र, एकाच फोनवर. ज्या दिवशी कोणाचा निकाल जाईल त्या रात्री तिला एकटी सोडायचं नाही, आणि तिच्या घरी फोन दुसरीने लावायचा. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. तयारी करणाऱ्या कोणालाही मी अभ्यासाआधी हेच सांगते, आणि मन अगदीच अंधारून आलं तर डॉक्टरकडे जायला लाजू नका, हेही.

मुख्य परीक्षा ४, ५, ६ डिसेंबर २०२१ ला झाली. मुलाखतीच्या यादीत माझा क्रमांक आला नाही, अकरा गुण कमी पडले. पण खरा फटका त्याआधीच बसला होता. पुढच्या वर्षाची पूर्वपरीक्षा २३ जानेवारी २०२२ ला, म्हणजे मुख्यनंतर सातच आठवड्यांनी, आणि त्यात मी पूर्वलाच पडले. एकदा मुख्य देऊन आलेली मुलगी परत पहिल्या पायरीवर. अभ्यासिकेत त्याची कुजबुज होते. कोणी वाईट बोलत नाही, पण तुमच्याकडे नोट्स मागणं थांबतं.

यादी चौघींनी मिळून पाहिली होती. रात्री आमच्यातली सांगोल्याची मैत्रीण माझ्याशेजारी कॉटवर झोपली. पहाटे आम्ही दोघी उठून रजिस्टरं काढून बसलो, माझं बघून तिनेही ठेवायला सुरुवात केली होती. माझ्या रजिस्टरात काय घडलं ते दहा मिनिटांत दिसलं : मुख्यनंतरच्या सात आठवड्यांत एकही पान भरलेलं नव्हतं. मुख्य चांगली गेली या आनंदात मी परत पिशवीवरच्या अक्षरावर विसंबले होते. सी-सॅटचे उतारे हात लावायलाच विसरले होते. त्याआधीची पानं मात्र चांगली होती. ‘उगाच भिडले’ शंभराला दोन. बरोबर उत्तरं ५४ वरून सत्तरच्या घरात.

मग तिने तिचं रजिस्टर उघडलं. तिने मनापासून मेहनत घेतली होती, माझ्यापेक्षा जास्तच. पण दोन वर्षांत आकडे हलले नव्हते. ती बराच वेळ पानं मागेपुढे करत राहिली. शेवटी म्हणाली, “माझं बी वेगळ्या रानातलं आहे गं.” तिने महिन्याभरात खोली सोडली. डी.एड. आधीच झालेलं होतं, ती शिकवायला लागली. तिच्याबद्दल ‘बिचारी, सोडून गेली’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. माझ्या विश्वासाला जो हिशेब आधार देत होता, त्याच हिशेबावर तिने निर्णय घेतला. आम्हा दोघींत कोणाची हिंमत जास्त लागली असं विचाराल, तर मी तिचं नाव घेईन.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, अभ्यासिका सकाळी सहाला उघडून दहापर्यंत तिथे टेबलाशी बसायचं काम घेतलं. फी माफ झाली, वर थोडे पैसे सुटायला लागले आणि दादांवरचा भार हलका झाला. बरेच जण म्हणायचे, असं काम केलं की लक्ष विभागतं. मला उलटा अनुभव आला. उधारीवर जगणाऱ्याचा विश्वास दर महिन्याच्या एक तारखेला डळमळतो. दुसरी गोष्ट म्हणजे मी तारीख ठरवली. अजून दोनदा द्यायची. तेवढ्यात झालं तर झालं. ते घरीही सांगून टाकलं. भिंतीवरचा कागद त्याच दिवशी काढला.

२०२२ पासून पूर्वपरीक्षेत सी-सॅट केवळ पात्रतेपुरतं राहिलं, तेहतीस टक्के मिळवले की झालं. मला त्याने मदत झाली, हे मान्य करायला हवं. २१ ऑगस्टला पूर्व, पुढच्या जानेवारीत मुख्य, आणि मग मुलाखतीचं पत्र. त्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सकाळी कुलूप उघडायचं, वाचायचं, सोडवायचं, रकाने भरायचे. तिसरं रजिस्टर संपत आलं होतं.

मुलाखतीत जिल्ह्याबद्दल विचारतील म्हणून मी नेमगिरीच्या लेण्यांपासून येलदरीपर्यंत सगळं करून गेले होते. समोरच्या एका सरांनी विचारलं, शेतकऱ्याची मुलगी आहात, सोयाबीनची उगवण क्षमता घरच्या घरी कशी तपासतात? मी गोणपाट सांगितलं, शंभर दाणे सांगितले, दहा-दहाच्या ओळी, पाचवा दिवस. सत्तरच्या खाली आले तर काय कराल, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, थोडे कमी असतील तर एकरी बियाणं वाढवू, फारच कमी असतील तर ते पेरणार नाही. बोलताना माझा आवाज जरा जड झाला. त्यांना ते कळलं असावं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

सर्वसाधारण गुणवत्ता यादी जानेवारी २०२४ मध्ये लागली. खोलीत आता दोघीच उरलो होतो. बाकी दोघींना व्हिडिओ कॉलवर घेतलं. सांगोल्याची मैत्रीण शाळेतून बोलत होती, मागे पोरांचा गोंगाट. माझा क्रमांक यादीत होता, आणि नायब तहसीलदार पद मिळेल असा होता. पहिली ओरडली ती सांगोलेकरीण.

ठरल्याप्रमाणे घरी फोन मी लावायचा नव्हता. मैत्रिणीने लावला, आईशी बोलली आणि मग फोन माझ्याकडे दिला. दादा आखाड्यावर होते, हरभऱ्याला पाणी चालू होतं. आईने त्यांना तिथेच जाऊन गाठलं. पलीकडून मोटारीचा आवाज येत होता. दादा चौथी शिकलेले, पण या पाच वर्षांत त्यांना सगळे शब्द पाठ झाले होते, पहिली उत्तरतालिका, दुसरी उत्तरतालिका, कट ऑफ.

“यादीत नाव हाय म्हणतीस?”

“हो दादा.”

“ही तात्पुरती हाय का शेवटची?”

“ही सर्वसाधारण. अजून पसंतीक्रम, मग तात्पुरती, मग शेवटची.”

ते क्षणभर थांबले. मोटार बंद केल्याचं ऐकू आलं.

“बरं. मग पेढे शेवटचीला आणू,” ते म्हणाले. “आज तुझी आई पुरण घालते म्हणायली. तू जेवलीस का?”